मिठाची माणसं

प्लास्टरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण त्या नावानं हाक मारली की ती चटकन वळून बघायची, आणि खऱ्या नावानं मारली तर दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत असं तिला क्षणभर वाटायचं. निम्मं आयुष्य तिनं इस्पितळाच्या तळघरात काढलं होतं. तिथं कृत्रिम हातपाय बनवायचा विभाग होता. पाय गमावलेला माणूस यायचा, बाकावर बसायचा, आणि ही त्याच्या उरलेल्या मांडीवर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायची. पट्टी सुकताना गरम होते. ती ऊब लागली की माणसं दचकायची. तेव्हा ती तळहात तसाच ठेवून म्हणायची, "चुलीवर नाही ठेवलं तुम्हाला. जरा दम धरा की." माणूस हसला की स्नायू सैल पडायचा आणि साचा नीट निघायचा. आलेल्या प्रत्येकाला ती हाच विनोद ऐकवायची, आणि प्रत्येक जण तो पहिल्यांदाच ऐकत असल्यामुळे तो कधी शिळा झाला नाही.

मग यंत्र आलं. ते मांडीभोवती नुसतं फिरायचं, अंगाला हातही न लावता माप घ्यायचं. तळघराला कुलूप लागलं आणि प्लास्टरबाई घरी बसली. लग्नाच्या भानगडीत ती पडलीच नव्हती. कपडे धुवायच्या दुकानावर तिची खोली होती, आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि भावजी राहायचे. जेवण तिघांचं एकत्रच व्हायचं.

भावजी मिठाच्या कारखान्यात चक्कीवर होते. खडे मीठ आत टाकायचं, बारीक करून बाहेर काढायचं. शिवाय गुरांना चाटायला लागतात त्या मिठाच्या विटाही तिथं दाबल्या जायच्या. कारखाना बंद पडून काही वर्षं झाली होती, तरी भावजींच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा काही भरल्या नव्हत्या. गडी मोठा घामट. थंडीतसुद्धा जेवायला बसले की कपाळावरून धारा लागायच्या. कारखान्यातल्या लोकांनी त्यांचं नाव 'गळका नळ' ठेवलं होतं. ताई जेवताना शेजारी टॉवेल घेऊनच बसायची. एक घास स्वतः खायचा, एकदा ह्यांचं कपाळ टिपायचं, असं तिचं वर्षानुवर्षं चाललेलं होतं.

मॅडम गावात आल्या त्या एका जुन्या टेम्पोतून, स्वतः चालवत. शिल्पकार आहेत, मोठ्या शहरांतून त्यांची कामं लागतात, एवढंच लोकांना कळलं. बंद कारखान्याचं गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलं. बाई सडसडीत होत्या, आवाज हळू होता, नखांत सिमेंट असायचं. कुणीतरी त्यांना इस्पितळातून प्लास्टरबाईचा पत्ता दिला.

"जिवंत माणसाच्या अंगावरून साचा घेता येतो तुम्हाला?" त्यांनी जिन्यातच विचारलं.

"मेलेल्याच्या अंगावरून कधी घेतला नाही," प्लास्टरबाई म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. त्या उत्तराचा त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच हव्यात मला, मावशी."

त्यांना कारखान्यातले जुने कामगार हवे होते. अख्खे, बसलेले, पाळी सुटायची वाट बघत बाकावर बसतात तसे. कशात ओतायचे ते त्यांनी ठरवलं नव्हतं. "आधी माणूस हातात येऊ दे," एवढंच म्हणाल्या.

अनोळखी बाईपुढे तोंडाला चिखल फासून घ्यायला कोण तयार होणार? पण प्लास्टरबाई आहे म्हटल्यावर लोक आले. गावातल्या कितीतरी घरांत तिच्या हाताखालून गेलेला एखादा पाय होता. पहिले बसले भावजी. एक तर मेहुणी, आणि दुसरं म्हणजे गोदामात पुन्हा पाऊल टाकायला ते टपलेलेच होते.

दाताचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला जे गुलाबी मिश्रण वापरतात, तेच बादलीभर कालवून प्लास्टरबाईनं त्यांच्या तोंडावर लावलं. कपाळ, डोळे, गाल, ओठ. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. भावजी आत नाहीसे झाले. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग त्यांची छाती वरखाली व्हायला लागली, हातांनी खुर्ची गच्च धरली.

तिनं त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. "भावजी, मी आहे. नाकानं घ्या. सावकाश."

हाताखाली तिला काहीतरी ऐकू आलं. चाळणीत जाड खडे हलवावेत तसा आवाज. आत घेताना एक, बाहेर सोडताना दुसरा. रोज एकत्र जेवायला बसत असूनही हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. कधी छातीवर हात ठेवायची वेळच आली नव्हती.

तिनं मान वर केली तर मॅडम अगदी जवळ येऊन उभ्या होत्या. डोळे मिटून तो आवाज ऐकत होत्या. प्लास्टरबाईला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते मात्र सांगता आलं नसतं.

साचा निघाला तेव्हा भावजी डोळे मिचकावत म्हणाले, "आत काय अंधार होता हो, मेहुणीबाई! मेल्यावर असंच असतं का?"

"मला काय विचारता? मी कुठे जाऊन आले?"

दोघंही हसली. भावजींचं हसणं खोकल्यात गेलं आणि बराच वेळ परत आलं नाही.

प्लास्टरबाईनं त्या मऊ साच्यावरून प्लास्टरचा पक्का साचा केला. पुढच्या दिवसांत मॅडमनी त्या एका साच्यातून भावजींचं डोकं वेगवेगळ्या वस्तूंत ओतून पाहिलं आणि खिडकीच्या फळीवर ओळीनं मांडलं. प्लास्टरबाई सकाळी गोदामात शिरली आणि दारातच थबकली. साचा तोच, तिच्याच हातचा. नाक तेच, भुवईवरची जुनी खोकसुद्धा तीच. पण फळीवर जणू वेगवेगळी माणसं बसली होती. प्लास्टरमधले भावजी सरळ सरळ मेलेले होते. सिमेंटमधले कुणावर तरी डाफरायच्या बेतात होते, भावजी जन्मात कुणावर डाफरले नव्हते तरी. मेणातले आता काहीतरी बोलतील असे दिसत होते, पण जे बोलतील ते आपल्याला ऐकायला नको, असं वाटायचं. पारदर्शक प्लॅस्टिकमधले बरणीत भरून ठेवल्यासारखे होते.

"हे तेच आहेत ना?" तिनं विचारलं.

"मी दुसरं काहीच बदललं नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त कशाचे, ते बदललं. लोकांना वाटतं चेहरा बोलतो. चेहरा नंतर बोलतो, मावशी. आधी ती वस्तू बोलते. यातलं कुणी खोटं आहे असं नाही, पण यांतलं कुणी या गावचं वाटत नाही मला."

बोलता बोलता त्यांनी गोदामाच्या कोपऱ्यातून एक वीट उचलून आणली. गुरांच्या चाटणाची, कारखाना बंद होताना राहून गेलेली. तिची एक कड दमट भिंतीला टेकून झिजली होती. मॅडमनी ती उजेडात धरली. वीट आतून दुधासारखी दिसत होती, आणि तिच्या अंगावर बारीक दव धरलं होतं.

प्लास्टरबाईनं विटेवरून बोट फिरवलं, ते ओलं झालं. "हे टिकायचं नाही," ती म्हणाली.

"नाही टिकायचं."

"मग लोकांना तसं सांगायला हवं."

"सांगू या ना. लपवायचं काय आहे त्यात?" मॅडम म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. पुतळे मिठाचे होतील. हवेतला ओलावा ओढतील. विरघळतील. साचे नंतर फोडून टाकायचे, म्हणजे दुसरे होणार नाहीत.

माणसं ऐकून खो खो हसली. "मीठ कधी नासतं का, बाई? लोकांची लोणची आमच्या मिठावर वर्षभर टिकतात आणि आम्ही टिकायचो नाही?" आपल्याला आपल्याच मालात घडवणार याचं त्यांना भारी वाटत होतं. एकटे भावजी हसले नाहीत. दमट हवेत गोदामातली पोती कशी पाझरतात, खालची फरशी कशी ओली होते, हे चक्कीवाल्याला कुणी सांगायला नको होतं. घरी जाताना ते प्लास्टरबाईला म्हणाले, "कोरड्या बंद खोलीत ठेवलं तर राहील बरं का. पण बंद खोलीत बघायला कोण येणार? आणि माणसं आत आली की श्वास घेणार. म्हणजे लोकांनी बघितलं की जाणार आपण."

"तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, भावजी. मी सांगते मॅडमना."

"छे हो," ते म्हणाले. "कधी बघितलंय आपल्याला कुणी?"

मीठ दळायला चक्कीच हवी होती. बाजारातलं बारीक मीठ साच्यात घट्ट बसत नव्हतं, कडा ढासळायच्या. निरनिराळ्या जाडीचं मीठ मिसळावं लागायचं. पिठासारखं, रव्यासारखं आणि थोडे खडे. ती मिसळ भावजींना हातानं कळायची. त्यांनी गंजलेल्या चक्कीची बेअरिंगं बदलली, पट्टा चढवला, आणि एके सकाळी त्या बंद कारखान्यातून पुन्हा घरघर ऐकू आली. लोक रस्त्यात थांबून ऐकत राहिले. ज्या चार भिंतींत ती ऐकण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं, तिथूनच ती येत होती, पण आता तिच्यातून पगार निघणार नव्हता. एका म्हातारीनं खिडकी लावून घेतली.

मीठ किंचित ओलं करायचं, साच्यात मुठीमुठीनं भरायचं, लाकडी दांड्यानं ठोकून बसवायचं, मग हीटर लावून वाळवायचं. घाई केली की तडा. पुतळा एकसंध होत नसे. पाय, धड, हात, डोकं, असे भाग जोडावे लागत, आणि जोड मिठाच्याच गाऱ्यानं लिंपावा लागे. एकेक माणूस बाकावर बसत गेला. प्रत्येक माणूस जुळला की प्लास्टरबाईनं हातोडा घ्यायचा आणि त्याचा साचा फोडायचा. हे काम तिच्याकडेच होतं. इस्पितळात तिनं साचा फोडला की आत पाय असायचा, चालायला लागणारा. इथं फोडल्यावर नुसता ढीग राहायचा.

गोदामात पांढरी धूळ उडत राहिली. भावजी तोंडाला फडकं बांधायचे आणि बोलायचं झालं की खाली ओढायचे, आणि बोलायचं त्यांना सारखंच असायचं. खोकला वाढला. स्वतःच्या पुतळ्याचं मीठ त्यांनी दोनदा दळलं, मनासारखं होईना म्हणून. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा जिना चढायला त्यांना भिंत धरावी लागली.

ताईनं त्यांना निजवलं आणि मग बहिणीला बाहेर ओढलं. "कशाला नेलंस त्यांना त्या धुळीत? सुटले होते ना एकदाचे? परत त्याच दावणीला बांधलंस?"

"ते आपणहून येतात, ताई."

"आपणहून! त्यांना काय कळतंय? तुला कळत होतं. छातीवर हात ठेवला होतास ना तू? मग?"

 दुसऱ्या दिवशी प्लास्टरबाईनं चक्कीचा पट्टा उतरवून ठेवला. पण तोवर मीठ दळून झालेलं होतं.

प्रदर्शन उघडलं तेव्हा सगळं गाव गोदामात लोटलं. लांब बाकावर ती पांढरी माणसं बसली होती. कुणी गुडघ्यावर हात ठेवून, कुणी मान टाकून, कुणी शेजाऱ्याकडे कललेलं. मॅडमनी दिवे फार लावले नव्हते. वरच्या झरोक्यातून उजेड यायचा आणि मिठात थोडा आत शिरून तिथंच राहायचा, त्यामुळे ती माणसं आतून उजळल्यासारखी वाटत. बायका नवऱ्यांना ओळखून एकमेकींना दाखवत होत्या. भावजींना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांनी स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. "पोट जास्त दाखवलंय," म्हणाले.

गर्दी वाढली. हवा आधीच दमट होती, तीत इतक्या माणसांचे श्वास मिसळले. हळूहळू गलका कमी होत गेला. पुढच्या लोकांनी आधी पाहिलं, मग मागच्यांनी. पुतळ्यांच्या कपाळांवर चकाकी आली होती. मग गालांवर. गर्दीतल्या एका बाईनं विचारलं, "ह्यांना घाम फुटलाय का?"  भावजींच्या पुतळ्याच्या भुवईवर एक थेंब जमला, फुगला आणि नाकाच्या कडेनं खाली उतरला.

"बघा," खुर्चीतले भावजी मोठ्यानं म्हणाले, "नळ गळायला लागला!"

सगळे हसले, गरजेपेक्षा जास्त हसले, आणि मग एकदम पांगले. जाताना मात्र बहुतेकांनी श्वास धरून ठेवला होता, हे प्लास्टरबाईनं दारापाशी उभं राहून पाहिलं.

त्यानंतर भावजी अंथरुणातून उठले नाहीत. डॉक्टर आला, गेला. शेवटी शेवटी त्यांना घाम येणंसुद्धा थांबलं होतं. कपाळ कागदासारखं कोरडं पडलं होतं, आणि ताई टॉवेल हातात धरून नुसती बसून राहायची. एका दुपारी तिनं बहिणीला वर हाक मारली. प्लास्टरबाई खाली आली तेव्हा छातीतली ती चाळणी बंद झाली होती.

भावजी गेल्यावर ताई काही दिवस घराबाहेर पडली नाही. मग एक दिवस सकाळी तिनं केस विंचरले, टॉवेल घेतला आणि गोदामाकडे निघाली. प्लास्टरबाईला वाटलं, बघून येईल. ताई दिवे मालवायच्या वेळेला परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

तिसऱ्यांदा प्लास्टरबाई मागोमाग गेली. ताई बाकावर, पुतळ्याच्या शेजारी मोकळ्या जागेत बसली होती. मिठाच्या कपाळावर दव धरलं की ती टॉवेलनं टिपायची. हळूच, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, जेवताना टिपायची तसं. प्रत्येक वेळी टॉवेल थोडा जड व्हायचा. भुवईवरची खोक नाहीशी झाली होती. नाकाचं टोक शेजारच्या पुतळ्यांपेक्षा कितीतरी जास्त झिजलं होतं.

"ताई, पुसू नकोस गं," ती म्हणाली. "पुसल्यानं लवकर जातंय. बघ, बाकीच्यांचे चेहरे अजून आहेत."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. "घाम आलेल्या माणसाला पुसायचं नाही तर काय करायचं?"

 प्लास्टरबाई तडक मॅडमकडे गेली. मॅडम मागच्या खोलीत फरशीवर बसल्या होत्या, डोळे लाल होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"बंद करू का मी हे?" त्यांनीच विचारलं. "दार लावते, हीटर लावते, हवा कोरडी करून टाकते. हे असं होईल ते मला माहीत होतं, मावशी. पण कुणी शेजारी येऊन बसेल ते माहीत नव्हतं."

"दार लावलंत तर ती दाराबाहेर बसेल," प्लास्टरबाई म्हणाली.

तिच्या मनात दुसरंच होतं. सगळे साचे तिनं फोडले होते, पण भावजींच्या डोक्याचा फोडायला तिचा हातोडा उचललाच गेला नव्हता. तो तिनं गोणपाटात गुंडाळून घरी खाटेखाली सरकवला होता. मॅडमना तिनं ते तिथंच सांगून टाकलं.  "तुमचे नातेवाईक आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी काय बोलणार?"

घरी येऊन तिनं उत्तम प्रतीचं प्लास्टर कालवलं, बुडबुडे निघून जाईपर्यंत बादली हलवली, आणि साचा भरला. सगळं कसब पणाला लावलं. डोकं निघालं ते इतकं स्वच्छ की पापण्यांचे केससुद्धा मोजून घ्यावेत. खोक होती, नाक होतं, सगळं होतं. हे कितीही पुसलं तरी जाणार नव्हतं. तिनं ते ताईच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

ताई संध्याकाळी परतली. दारात उभी राहून तिनं टेबलाकडे पाहिलं. मग पुढे आली आणि दोन्ही हातांनी ते डोकं भिंतीकडे तोंड करून फिरवलं.

"हे मेल्यानंतरचे आहेत," ती म्हणाली. "असे मी त्यांना एकदा बघितलेत. पुरे झालं. हे तू परत घेऊन जा."

"पण ताई, तिकडे तर काही उरत नाहीये. हे राहील."

"राहील, म्हणूनच तर. तिकडे त्यांचं काहीतरी चाललंय तरी अजून." ती पलंगावर टेकली आणि हातातला ओला टॉवेल तिनं खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकला. सकाळी त्यावर मिठाचा पांढरा थर धरला होता. ताईनं तो धुतला नाही. घडी करून उशाशी ठेवला आणि दुसरा घेऊन बाहेर पडली.

प्लास्टरबाईनं ते डोकं वर नेलं. रात्री तिला त्याच्यासमोर झोप येईना, पाठ करूनही येईना. शेवटी तिनं ते मागच्या अंगणात नेऊन फोडलं, आणि साचाही फोडला.

गोदामातल्या माणसांची गत वाईट होत गेली. आधी बोटं गेली, मग कान. जोड सुटले. एकाचं डोकं मांडीवर पडलं आणि तिथंच चिकटून विरघळत राहिलं. बाकाखाली खारं पाणी साचून नालीकडे वाहू लागलं. मीठ नासत नाही म्हणून हसलेली माणसं आता त्या रस्त्यानं जायची टाळायची. एका कामगाराचा मुलगा येऊन बापाचा तुटलेला हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेला. घरी पोचेपर्यंत पिशवीत पाणी झालं होतं म्हणे. बाहेरगावचे लोक मात्र गाड्या करून यायला लागले. त्यांनी फोटो काढले, आपसांत कुजबुज केली, मासिकांतून लिहिलं. बऱ्याच जणांना ताईसुद्धा त्या कामाचाच भाग वाटली. एकानं तर तिला किंचित डावीकडे सरकायला सांगितलं. ती सरकली नाही.

एक दिवस भावजींना चेहराच उरला नाही. गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं काहीतरी खांद्यांवर होतं. ताईनं टॉवेल उचलला, त्या गोट्याकडे बघत राहिली, आणि कुठून कुठे पुसायचं ते तिला कळेना. ती उठली. "चल," बहिणीला म्हणाली, "घरी जाऊ." पुन्हा ती गोदामात गेली नाही. उरलेलं मीठ मॅडमनी फावड्यानं गोळा केलं आणि गोदाम सोडलं.

बऱ्याच महिन्यांनी मॅडम पुन्हा जिन्यात उभ्या राहिल्या. दुसऱ्या एका गावातून बोलावणं आलं होतं. तिथं बॅटऱ्या बनवायचा कारखाना होता, तोही आता बंद. तिथल्या बायकांचे साचे घ्यायचे होते.

"कशात ओतणार?" प्लास्टरबाईनं आधी तेच विचारलं.

"शिशात."

"ते विरघळतं?"

"नाही. शिसं कुठे जात नाही," मॅडम म्हणाल्या. "तेच तर आहे."

प्लास्टरबाईनं नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. ताईनं ऐकलं आणि जेवता जेवता म्हणाली, "जा तू. तू नाही गेलीस तर दुसरं कुणीतरी साचे घेईल. त्याला छातीवर हात ठेवायचं सुचायचं नाही."

म्हणून ती गेली. साचे घ्यायला दिलेली खोली स्वच्छ होती, खिडकीतून ऊन येत होतं. पहिली बाई आली ती मुलीचा हात धरून. फार म्हातारी नव्हती, पण हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती, आणि मनगट उचललं की हात खाली लोंबायचा. प्लास्टरबाईनं तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती फडकं गुंडाळलं आणि बादलीत गुलाबी मिश्रण कालवायला घेतलं. सगळं आधी सांगायचं हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

"तुमचा पुतळा शिशाचा होणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर आताच सांगा. कुणी काही म्हणणार नाही."

बाई हसली नाही की दचकली नाही. तिनं स्वतःच्या लोंबणाऱ्या हाताकडे पाहिलं. "बॅटऱ्या करता करता आत तेच भरलंय," ती म्हणाली. "तुम्ही आता नुसता आकार द्यायचा." आणि मुलीला म्हणाली, "तू बाहेर थांब गं." मग तिनं डोळे मिटले आणि मान मागे टेकली.

प्लास्टरबाईचे दोन्ही हात बादलीत होते. ते बाहेर निघेनात. हातांभोवती मिश्रण गार होत होत घट्ट झालं, आणि बाई डोळे मिटून वाट बघत राहिली.

ते मिश्रण वाया गेलं. दुसरं कालवेपर्यंत दुपार झाली.